हवा बाधलेला चिंतामण

चिंतामण दुकानात शिरताना दिसला की मी आधी काउंटरवरची बिलं उचलून आत ठेवायची. कारण तो रिकाम्या हाताने कधी यायचा नाही. मुळासकट उपटलेलं एखादं रोप, चिखलासहित, तो माझ्यासमोर काउंटरवर ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणायचा,

"बगा वैनी. हवा बाधली."

धसईच्या बाजारात आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. नवरा कल्याणला नोकरीला, म्हणून रोज मुरबाडहून बसने येऊन दुकान मी बघते. माझं माहेर खर्डीकडचं. घरी भातशेतीच होती, शिवाय लग्नाआधी शेतकी शाळेत शिकले, त्यामुळे पिकाला काय झालंय हे मला बऱ्यापैकी कळतं. चिंतामणने आणलेल्या रोपाला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसायचं. त्याला खत मिळालेलं नसायचं, नाहीतर गवताने गिळलेलं असायचं. एकदा तर त्याने आणलेलं रोपच गवत होतं, भात नव्हतं. ते मी त्याला दाखवलं तेव्हा तो जराही वरमला नाही. म्हणाला, "तेच तर सांगतोय. हवा अशी पडलीय की भाताला गवताचा गुन लागला."

गावात त्याला मागे सगळे 'बाधा' म्हणायचे. 'बाधा आली बघ', 'बाधा बसलीय पारावर'. त्याला ते माहीत होतं. त्याचं त्याला काही वाटत नसे, कारण गावाचे लोक असे कुजके निघाले तेही हवेमुळेच, असं त्याचं मत असावं.

दिसायला उंच, सडपातळ. अंगात पांढरा शर्ट, खिशात कंगवा. बोलताना दर दोन वाक्यांनी मान वर करून आभाळाकडे बघायची सवय. दुकानात पत्रा असला तरी तो पत्र्याकडे बघायचा. शेतकऱ्यांचे हात मी रोज बघते. नखांत माती, तळव्याला भेगा, पैसे मोजताना अंगठा नीट वाकत नाही. चिंतामणचे हात एखाद्या पोस्टमास्तरासारखे स्वच्छ होते. त्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये हवामानाचे तीन वेगवेगळे अंदाज. तिघांपैकी ज्याचा अर्थ 'आज शेतात जाऊन उपयोग नाही' असा निघेल, तो त्याच्या दृष्टीने खरा.

"युरिया टाकला का दादा?" मी विचारायची.

"आज कसा टाकू? संध्याकाळी पाऊस हाय. धुऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन. "आता कसा टाकू? पात जळेल."

तिसऱ्या दिवशी ढगाळ. ढगाळ हवेत खत टाकलं तर रोग येतो, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं होतं. युरियाची गोणी त्याच्या पडवीत राहून दगडासारखी घट्ट व्हायची, आणि मग तो ती बोटाने ठोकून दाखवायचा की बघा, दमट हवेने काय केलं.

एक गोष्ट मी सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझा राग कशाचा ते कळणार नाही. हवामान बदललंय हे खोटं नाही. आमच्याकडे मुरबाड-शहापूरला भात कापून खाचरात वाळत पडलं की आता हटकून पाऊस येतो. कापलेल्या भाताला पडल्या जागी मोड फुटतात. दिवसरात्र राबलेली माणसं बांधावर डोकं धरून बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यातलं कुणी माझ्याकडे येऊन हवेची गोष्ट सांगत नाही. ती येतात आणि विचारतात, आता काय पेरू? चिंतामणने मात्र दुसऱ्यांचं खरं दुःख उचलून आपल्या आळसावर पांघरूण घातलं होतं. त्याच्या तोंडून 'हवामान' हा शब्द ऐकला की माझं डोकं उठायचं.

त्याची खाचरं रस्त्यापासून थोडी आत. त्यांना लागून, रस्त्याच्या बाजूला, त्याच्या चुलतीची खाचरं. भागीकाकी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एकटी बाई. वर्षाचा तांदूळ त्या खाचरांतून निघायचा तेवढाच. दोघांच्या मधल्या बांधावर काकीचा जुना आंबा.

एका वर्षी जूनच्या सुरुवातीला सगळ्यांनी राबात भात पेरलं. राब म्हणजे उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण टाकून भाजून ठेवलेली जागा. तिथे रोपं वाढवायची आणि मग खाचरात लावायची. चिंतामणने पेरलं नाही. पारावर उभं राहून, बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाला, "हा पाऊस खरा नाय. वारा खालून येतोय. ज्यांनी पेरलं त्यांचं बी कुजंल."

त्यानंतर पाऊस असा लागला की थांबलाच नाही. राबात पाणी, पेरायची सोय उरली नाही. गावाची रोपं हातभर झाली तेव्हा चिंतामणने भागीकाकीचं दार गाठलं. काकी दरवर्षी थोडं जास्त पेरायची, लावणीत कुठे रोप मेलं तर तिथे लावायला. तिने विचारलं नाही, टोमणा मारला नाही. म्हणाली, "ने रे. सुमनला पाठव, काढून देते."

सुमन त्याची बायको. ती आली, दोघींनी मिळून रोपं काढली, जुड्या बांधल्या. मग त्या जुड्या आठवडाभर बांधावर पडून राहिल्या. पाऊस जोराचा होता, अशा पावसात लावलेलं रोप मूळ धरत नाही, असं चिंतामणचं म्हणणं. शेवटी सुमननेच एकटीने वाकून लावली. रोपं तोवर म्हातारी झालेली, फुटवे फुटले नाहीत. दिवाळीला भात निघालं ते मूठभर. चिंतामण माझ्या काउंटरवर विरळ लोंबी ठेवून म्हणाला, "काकीची रोपं सावलीतली वैनी. अशक्त. मी तरी काय करनार?"

त्या वाक्यानंतर मी त्याला चहा विचारणं बंद केलं.

पण सावलीचा विषय त्याच्या डोक्यात तिथून शिरला. आता त्याला आंबा दिसायला लागला. झाडाच्या सावलीत भात कमी पिकतं, हे खरं. बांधाकडच्या चार ओळी जातात. चिंतामणच्या मते त्या आंब्यामुळे त्याचं सगळं शेत गेलं होतं. प्रत्येक ग्रामसभेत तो उठायचा. गटार, शाळेचं छप्पर, पाण्याची टाकी, काहीही विषय चालू असो, हा उठून म्हणायचा, "आधी माझ्या उन्हाचं काय ते बोला." लोक हसायचे. काकी हसायची नाही. तिला भांडण नको होतं. एका फाल्गुनात, झाड मोहरलेलं असताना, तिने चिंतामणच्या शेतावर सावली टाकणाऱ्या, डोंगराच्या अंगाच्या सगळ्या फांद्या तोडून दिल्या. त्या वर्षी तिला लोणच्यालाही कैरी पुरली नाही.

पुढच्या हंगामात मी मुद्दाम विचारलं, "काय दादा, ऊन मिळालं ना आता?"

"मिळालं," चिंतामण म्हणाला. "पन फार झालं. झाड होतं तवा जरा थंडावा व्हता."

सुमनबद्दल मी फार बोललेले नाही, कारण ती स्वतःच बोलायची नाही. ठेंगणी, काटक बाई. दुकानात आली की काय हवं ते सांगायची आणि जायची. एकदाच तिने माझ्यासमोर तोंड उघडलं. भातानंतर ओहळाच्या पाण्यावर आमच्याकडे काकडी, भेंडी करतात. त्या जानेवारीत सकाळी दाट धुई उतरायची. काकडीच्या पानावर पिवळे ठिपके दिसायला लागले. केवडा म्हणतात त्या रोगाला, धुक्यात झपाट्याने पसरतो. लोकांनी खालची पानं तोडली, औषधं मारली. चिंतामण म्हणत राहिला, "धुई जाईल, मंग बगू." सुमन पाठीवर पंप घेऊन दुकानात औषध न्यायला आली, आणि नेमका चिंतामण बाकावर बसलेला.

"आता नेऊन काय फायदा?" तो म्हणाला. "धुईनं खाल्लं सगळं."

सुमन दारात थांबली. "धुई काय आपल्याच काकडीवर उतरली? अख्ख्या गावावर उतरली. लोकांनी अंगावरची गोधडी टाकली नि गेली शेतात. तुमी गोधडीतून बगत व्हता."

तो पत्र्याकडे बघू लागला. ती पंप घेऊन गेली. अर्धे वेल तिने वाचवले. बाजारात काकडी विकायला मात्र चिंतामण बसला, आणि गिऱ्हाइकांना सांगत होता की असल्या हवेत काकडी आणायची म्हणजे येरागबाळ्याचं काम नाही.

हा माणूस आयुष्यात एकदा खरं बोलला. ते कसं झालं ते सांगते.

भागीकाकीच्या खाचराला लागून रस्त्यावरची जमीन कल्याणच्या एका शेठने घेतली आणि तिथे टर्फ उभं केलं. हिरवी प्लास्टिकची जमीन, भोवती जाळी, कोपऱ्यांवर उंच खांब आणि खांबांवर पांढरे झगझगीत दिवे. माळशेजला पाऊस बघायला जाणारी शहरातली पोरं परतताना तिथे थांबायची, क्रिकेट खेळायची. मागे चार खोल्याही काढलेल्या. खेळ संपला तरी दिवे चालूच, राखणीला बरे म्हणून. गावाला सुरुवातीला कौतुक वाटलं. रात्री रस्त्यावरचा सापही दिसतो, असं लोक म्हणायचे.

नवरात्राच्या सुमारास चिंतामण दुकानात आला. हातात रोप नव्हतं. चेहरा वेगळाच दिसत होता.

"वैनी, उजेड बाधला."

मी हसले. दुकानात खत घ्यायला आलेले दोघे-तिघे होते, तेही हसले. एक जण म्हणाला, "बाधादादा, आता चांदनं पन बाधंल तुमाला." आम्ही हसलो याचं मला आजही काही वाईट वाटत नाही. वर्षानुवर्षं वारा, धुई, ऊन, सावली यांच्या नावाने रडलेल्या माणसाने उजेडाचं नाव घेतल्यावर दुसरं काय करायचं?

पण दोन दिवसांनी भागीकाकी आली. ती दुकानात क्वचित यायची. म्हणाली, "पोरी, माझं भात निसवत नाय गो. सगळ्यांच्या लोंब्या बाहेर आल्या. माझं नुसतं हिरवं उभं हाय. एकदा येऊन बग."

मी दुकान बंद करून तिच्याबरोबर गेले. लांबूनच दिसलं. इतरांच्या खाचरांत लोंब्या वाकायला लागल्या होत्या, रंग उतरत होता. काकीचं भात मात्र कोथिंबिरीसारखं हिरवंगार. रोग नाही, कीड नाही. बांधावर चिंतामण आमचीच वाट बघत उभा होता. "इकडं या," असं म्हणून त्याने काकीचा हात धरला आणि आम्हाला आपल्या खाचरात नेलं.

त्याचं भातही तसंच हिरवं होतं. फक्त एका पट्ट्यात लोंब्या होत्या, चांगल्या भरलेल्या. तो पट्टा आंब्याच्या मागे होता, दिव्यांच्या उलट्या बाजूला. झाडाचा गोल घेर जसाच्या तसा भातात उमटला होता. रात्रभर जिथे झाडाचा अंधार पडायचा, तेवढंच भात पिकायला लागलं होतं. आणि ज्या बाजूच्या फांद्या तोडल्या होत्या, तिकडून तो घेर कापल्यासारखा सरळ होता. तिथून उजेड आत गेला होता, तिथे भात हिरवंच.

गरवं भात, म्हणजे उशिरा पिकणारं, त्या दोघांनीही तेच लावलेलं होतं. ते दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. पावसाळा सरता रात्र मोठी व्हायला लागली की त्याला कळतं की आता लोंबी काढायची. या दिव्यांनी रात्रच होऊ दिली नव्हती. मी पुस्तकात वाचलेलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या भागातल्या कृषी सहायक बाईंना फोन केला. त्या आल्या, त्यांनीही तेच सांगितलं. म्हणाल्या, "आत्ता दिवे झाकले, रात्री बंद ठेवले, तर उशिरा का होईना निसवेल. अजून लांबलं तर थंडीत दाणा भरणार नाही, पोचट राहील."

म्हणजे वेळ होता. थोडाच, पण होता.

चिंतामणचा आनंद काय सांगू! त्याचं स्वतःचं भात अडकलं होतं आणि तो मांडवातल्या नवरदेवासारखा फिरत होता. रोज नवी माणसं गोळा करून बांधावर आणायचा. "कोनी सांगितलं? मी सांगितलं. कोनी वळखलं? मी वळखलं. हसत व्हते ना?" एकदा माझ्यासमोर काकी हळूच म्हणाली, "म्हंजी त्या फांद्या ऱ्हायल्या असत्या तर आनकी थोडं पिकलं असतं रे चिंतामणा." त्याने ते ऐकलंच नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी खांबांकडे बोट करून दाखवत होता.

तरीही, त्या आठवड्यात मी त्याला पुन्हा चहा दिला. खरं ते खरं.

गावातल्या लोकांनी ठरवलं की टर्फच्या मॅनेजरला शेतात आणून दाखवायचं. भांडायचं नाही. दिव्यांना झाकण लावा, खाली वळवा, खेळ संपला की बंद करा, एवढंच मागायचं. मॅनेजर तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "दिव्यामुळेच होतंय हे मला पटवून द्या, मी शेठला सांगतो. खांब वळवायला कितीसा वेळ लागतोय?" दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरली. दाखवणार कोण? अर्थात चिंतामण. गावाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर काही सोपवलं होतं.

सकाळी आम्ही बांधावर जमलो. काकी होती, सुमन होती, गावातले सात-आठ जण होते. मीही गेले. चिंतामण दिसेना. थोड्या वेळाने टर्फच्या फाटकातून मॅनेजर बाहेर आला आणि त्याच्या मागून चिंतामण. अंगात निळा शर्ट. खांद्यावर पट्टी, खिशावर टर्फचं नाव. वॉचमनचा शर्ट. घडी नुकतीच मोडलेली होती, छातीवर तिची रेघ दिसत होती.

सगळ्यांच्या आधी सुमनला कळलं असावं, कारण ती नवऱ्याकडे न बघता भाताकडे बघायला लागली.

मॅनेजर बांधावर येऊन म्हणाला, "हां, हे तुमचे दादा. यांनीच शोधलं ना सगळं? बोला दादा, काय भानगड आहे? आपल्या दिव्यांनी भात अडकलंय का?"

चिंतामणने खांबांकडे पाहिलं नाही. आंब्याकडे पाहिलं नाही. मान वर केली आणि आभाळाकडे बघत म्हणाला,

"उजेडाचं काय नाय साहेब. हवा बाधलीय औंदा."

मी त्याच्या तोंडून हे वाक्य शंभरदा ऐकलं असेल. तेव्हा चीड यायची, हसू यायचं. त्या सकाळी मला त्याची किळस आली. जन्मभर तो हे खोटं आळसासाठी बोलला, त्यात नुकसान झालं ते त्याच्या घराचं. आज खरं काय ते त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं आणि त्याने तेच जुनं खोटं काढून चुलतीच्या तोंडावर मारलं.

"चिंतामणा," भागीकाकी म्हणाली, "अरे, माझा हात धरून तूच दाखवलंस ना?"

"तवा मला तसं वाटलं काकी."

"मंग ते आंब्याखालचं?"

"ते जमिनीचा गुन असंल."

सुमन खाचरात उतरली. कंबरेचा विळा काढून तिने आंब्यामागच्या चार लोंब्या कापल्या, बाजूची चार हिरवी ताटं कापली, आणि दोन्ही आणून मॅनेजरसमोर धरली. "साहेब, यात चार हातांचं अंतर हाय. जमीन तीच, बी तेच, लावलंय मीच. तुमीच सांगा."

मॅनेजर क्षणभर त्या दोन मुठींकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला पटलंय. मीही पुढे होऊन सांगितलं, कृषी सहायक बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. पण त्याला सोपी वाट मिळाली होती. चिंतामणच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, तुमच्याच शेताचा मालक नाही म्हणतोय. मी शेठला काय सांगू?" आणि घड्याळ बघत निघून गेला. मागोमाग चिंतामणही गेला. जाताना त्याने निळ्या शर्टाची बाही झटकली, भाताची पात लागली होती तिला.

दिवे तसेच राहिले. गावातले दोघे पुन्हा जाऊन आले, शेठला फोन झाले, 'बघतो, बघतो' म्हणत थंडी पडली. भागीकाकीच्या भाताने लोंब्या काढल्या त्या थंडीत. वजन नसलेल्या, ताठ उभ्या, सगळ्या पोचट. तिने ते कापून गुरांना घातलं. आंब्यामागचा पट्टा सुमनने झोडला, आणि जे निघालं त्यातलं निम्मं काकीच्या घरी नेऊन तिच्या कणगीत ओतलं. बाकी वर्षभर काकीने रेशनच्या तांदळावर काढलं. चिंतामण देवळात आला की ती उठून बाहेर जायची.

तो दुकानात एकदा आला, निळ्या शर्टात. रिकामा हात काउंटरवर ठेवून म्हणाला, "वैनी, पोटापान्याचं बगायला लागतं. शेतीत काय ऱ्हायलंय? हवामानच बदललंय."

"पोट काकीलाही आहे, दादा," मी म्हटलं.

"ते हायच," तो म्हणाला. "पन मी तरी काय करनार?"

मी मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं. त्यानंतर तो दुकानात आला नाही. टर्फच्या मागच्या एका खोलीतच राहायला लागला. रात्रपाळी असते, जाऊन-येऊन कशाला, असं त्याने घरी सांगितलं.

मे महिन्यात सुमन आली. राब भाजून झाला होता, हात अजून काळे होते. म्हणाली, "वैनी, दिवे काय जायचे नाय. मला असं बी द्या जे रात्रीची वाट बगत नाय."

मी तिला हळव्या भाताचं बी दिलं. लवकर पिकतं, दिव्याचं त्याला फारसं काही नाही. पण मी तिला बाकीचंही सांगितलं. दाणा कमी उतरतो, पेंढा आखूड, आणि सगळ्यांच्या आधी तयार होतं म्हणून गावातली सगळी पाखरं त्यावरच पडतात. शिवाय कापणीच्या वेळी पाऊस गेलेला नसतो.

"पाखरं हाकता येतील," ती म्हणाली. "पावसाचं काय, बांधाच्या वर मांडव घालून सुकवीन. दोन वाटे बांधा. एक काकीचा."

भाताची पात पिवळी पडायला लागली तशी त्या दोघी सकाळी पत्र्याचे डबे वाजवत बांधावर बसायच्या. मी बसमधून येता-जाता बघायची. पाखरांनी खाल्लं, थोडं पावसानेही नेलं. पण दोन्ही घरांत तांदूळ आला. भरघोस नाही. वर्ष निघेल इतका.

चिंतामणला मी शेवटचं पाहिलं ते त्याच पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात. दुकान बंद करून मी मुरबाडच्या बससाठी टर्फसमोर उभी होते. दिवस मावळत होता. तो फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला, आत गेला, भिंतीवरची कळ दाबली आणि खांबांवरचे दिवे एकेक करत पेटले. मग तो फाटकाबाहेर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. शर्टाचा निळा रंग विटला होता. मग म्हणाला,

"वैनी, आमचं भात कसं काय हाय औंदा?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

"झोडून झालं की," मी म्हटलं. "तांदूळ पण भरडून आणला सुमनने."

"झालं?" तो म्हणाला. "कवा?"

त्याची खाचरं तिथून हाकेच्या अंतरावर होती. मधे काकीचं शेत आणि आंबा, एवढंच. दिवसभरात कधीही त्याने नुसती मान वळवली असती तर कापणी दिसली असती, मांडव दिसला असता, डब्यांचे आवाज तर त्याच्या खुर्चीपर्यंत येत असणार. आता त्याने मान वळवली. डोळ्यांवर हात आडवा धरून तो त्या दिशेला बघायला लागला. पण आम्ही दिव्यांखाली उभे होतो, आणि दिव्यांखालून पलीकडचं सगळं काळं दिसतं. त्याने हात थोडा खाली केला, पुन्हा वर केला. एक पाऊल पुढे टाकलं.

"कसलं लावलं व्हतं?" त्याने विचारलं.

मी सांगणार होते. तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी वळली आणि तिने हॉर्न दिला. चिंतामण पळत गेला, फाटक उघडलं, आणि गाडी आत जाईपर्यंत सलामाचा हात कपाळाला लावून उभा राहिला.